वहिनींच्या रास्पबेरीचं पाणी

ही गोष्ट सांगणं मी इतकी वर्षं टाळलं. घरात रास्पबेरीचा विषय निघाला की मी नारळाच्या भावावर बोलू लागायचो. आता ऐंशी उलटली, आणि घरचे अजून म्हणतात, वहिनींची रोपं उन्हानं गेली. तसं झालं नव्हतं.

वहिनी महाबळेश्वरकडच्या. दादा गेल्यावर चौलच्या वाडीत आम्ही दोघंच उरलो. मी बिनलग्नाचा, त्यांची मुलं मुंबईला. एका वर्षी त्यांनी माहेरून रास्पबेरीची रोपं आणली आणि विहिरीजवळ, नारळांच्या सावलीत लावली. आमची जमीन म्हणजे नुसती वाळू. पाणी ओतावं आणि बघता बघता दिसेनासं व्हावं. म्हणून त्यांनी बुंध्याशी शेणखत घातलं, वर नारळाची सोडणं, म्हणजे सोललेल्या साली, अंथरली. सकाळ-संध्याकाळ झारीनं थोडं थोडं पाणी द्यायच्या, बोट खुपसून ओल बघायच्या.

"वहिनी, झाडं आहेत की बाळंतिणी?" मी विचारायचो.

"तुमच्या सुपाऱ्यांना रेड्यासारखं पाणी लागतं. ही माणसांत वाढलीत."

आमच्याकडे वाडी शिंपायची म्हणजे पंप लावायचा, पाट सोडायचा आणि आळी काठोकाठ भरायची. मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

थंडी सरता सरता मूठभर फळं आली. सगळी त्यांनी बशीत घालून मला दिली, स्वतः एक फुटलेलं तेवढं चाखलं. "माहेरची चव नाही," म्हणाल्या, पण दिवसभर गुणगुणत होत्या.

वैशाखात त्या भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या. जाताना बजावलं, "भाऊजी, झारीनंच. पाट सोडू नका."

सुरुवातीला झारी वाहिली, मग कंबर धरली. वाटलं, एकदाच भरपूर पाजलं तर काही दिवस बघायला नको. पाट रोपांकडे वळवला, पंप लावला आणि झोपाळ्यावर आडवा झालो. डोळा लागला. उठलो तेव्हा पंप चालूच होता. चहा टाकला, तो मचूळ लागला. किनाऱ्यावरच्या विहिरीत गोडं पाणी वरच्या थरातच असतं. फार उपसलं की खालून खारं चढतं. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. नारळांना त्याचं काही नाही. रोपांना मात्र तेच पाणी गेलं होतं.

वहिनी परतल्या तोवर पानं कडांनी जळून वळली होती. त्या बराच वेळ वाफ्याशी बसून राहिल्या.

"इथलं ऊन सोसलं नाही त्यांना," म्हणाल्या. "माझंच चुकलं. उगाच घाटावरून खाली आणली."

"यंदा ऊन फारच होतं," मी म्हणालो.

पुढे त्यांच्या माहेरच्या भाच्यानं पुन्हा रोपं पाठवू का विचारलं, तेव्हा त्यांनीच नको म्हटलं. इथे जगायची नाहीत, म्हणाल्या. मी शेजारीच सुपाऱ्या सोलत होतो.

गेल्या वर्षी त्यांना अलिबागला दवाखान्यात ठेवलं. मी वाक्य ठरवून गेलो. मला पाहताच त्यांनी विचारलं, "भाऊजी, जेवलात का? सुनेनं डबा आणलाय, त्यातलं घ्या." मी डबा उघडला आणि जेवलो. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

ठरवलेलं वाक्य असं होतं: वहिनी, ऊन नव्हतं, पंप मी चालू ठेवला होता, तुमची रोपं इथे जगत होती, मला माफ करा.