आठ गुंठे बारा आणे

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्यात बिऱ्हाड केलं तेव्हा मला दोन गोष्टींची घमेंड होती: माझा स्वयंपाक आणि माझं गणित. स्वयंपाकाची लवकरच उतरली. गणिताची अजून आहे. वडिलांकडे गावचं दप्तर होतं. तेहतीस फुटांची साखळी, लांबीला एक नि रुंदीला एक साखळी म्हणजे गुंठा, आणि गुंठ्याचे सोळा आणे, हे मला पाढ्यांबरोबरच पाठ झालं होतं. आमचे हे शहरात शिकलेले, नव्या रस्त्याच्या कचेरीत आकडेमोड करणारे. त्यांचं सगळं चौरस फुटांत आणि दशांशांत.

टाकव्याची एक मावशी आम्हाला भाजी घालायची. तिचा शेताचा तुकडा रस्त्यात गेला होता आणि बदल्यात ओढ्याकाठी तेवढीच जमीन मिळायची होती. एका सकाळी तिने दोन कागद माझ्यापुढे टाकले.

"आठाचं आठ हजार झालं म्हंत्यात समदी. मग खुंटी वढ्याच्या अलीकडंच कशी ठोकली? सायबानं तर पार पान्यापत्तुर दावलं व्हतं."

"पण पाणी जवळच आहे ना?"

"दिसतंय की. पन घागर बुडवाया दुसऱ्याच्या बांधावरनं जायाचं. उद्या त्यो न्हाई म्हनला तर माजी वांगी जळत्याल."

जुन्या कागदावर होते आठ गुंठे बारा आणे. नव्यावर ८८४३ चौरस फूट. चुलीवरचा भात तसाच सोडून मी पाटी घेतली. गुंठ्याचे चौरस फूट एक हजार एकोणनव्वद. बारा आणे म्हणजे पाऊण. उत्तर आलं साडेनऊ हजारांच्या वर! पुन्हा केलं, तेच. मधले जवळजवळ सातशे फूट गेले कुठे? मी तेच खोदत बसले आणि एकदम लख्ख दिसलं. कुणीतरी बारा आणे म्हणजे शंभरातले बारा धरले होते! मी टाळीच वाजवली. मग नव्या कागदावरचं अक्षर ओळखीचं वाटलं. आकडा ह्यांच्याच हातचा होता.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा भात करपला होता आणि ताटाशेजारी पाटी होती.

"अहो, गुंठ्याचे आणे सोळा की शंभर?"

"आधी भात वाढ."

"आधी पाटी बघा."

कचेरीत तपासलेला आकडा बायकोनं चुलीपाशी बसून खोडायचा म्हणजे काय, म्हणून ते चिडले. मग मीही चिडले. "रुपयातले बारा आणे तुम्ही पाऊण रुपया मोजून घेता. मावशीच्या गुंठ्यातले बारा आणे असे आटले कसे?"

त्यांचा हात ताटातच थांबला. डाव्या हाताने पाटी ओढून त्यांनी दोनदा गुणाकार पाहिला. चेहरा उतरला. "साहेबांना सांगावं लागेल," एवढंच म्हणाले. मला त्यांची दया आली, पण खोटं कशाला बोलू, आनंद जास्त झाला होता.

साहेबांनी हुकूम दिला आणि हे साखळी घेऊन शेतावर निघाले. मी थोडीच मागे राहते! मावशी मात्र साखळीला हात लावू देईना.

"तुमच्या साकळीनं येकदा झालं. आता माज्या लुगड्यानं मोजा."

तिने धुवट नऊवारी बरोबरच आणलं होतं. ह्यांनी हसू दाबत ते मोजून पाहिलं. नऊ वार पुरे भरले. जमिनीची पट्टी एक साखळी रुंद होती, तेव्हा लांबी हवी होती सव्वाशहाण्णव वार. जुनी खुंटी दहावं लुगडं संपायच्या आतच लागली. ती मागे टाकून आम्ही अकरावं पसरलं. हे सहा वार मोजत गेले, पाव वार पुढे सरकले आणि त्यांनी नवी खुंटी ठोकली. अगदी ओढ्याच्या काठावर! लुगड्याचा उरलेला पदर पाण्यात पडला.

मी वेड्यासारखी ओरडले. "मावशी, चूक माझी होती," हे सगळ्यांदेखत म्हणाले. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला. मावशीचं लक्षच नव्हतं. मी पदर पिळायला उचलला तर तिने माझा हात धरला.

"पिळू नगं, बाई. घरी दावायचाय."

तो ओला पदर तसाच खांद्यावर टाकून, वाटेत वाळायच्या आत गाव गाठायचं म्हणून ती जवळजवळ पळतच निघाली.