पाहुण्यांनीच प्यायलेला काढा

महिन्यापूर्वी राणीसावरगावहून आतेभावाचा फोन आला. "दादा, आई गेली... दुपारी जेवली, आडवी झाली, ते उठलीच न्हाई." डोळे पुसत मी विचारलं, "काय जेवली?" अशा वेळी असा प्रश्न मलाच सुचायचा! पण तो लगेच म्हणाला, "भाकर अन् ठेचा." आणि आम्ही दोघंही जरा सावरलो.

कारण काही वर्षांपूर्वी शकुआत्याच्या गालात, मिसरी धरायच्या जागीच, कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा तिला साधी पेजही झोंबायची. ऑपरेशन झालं, मग शेक सुरू झाले. रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात. आणि आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमची रीत. कुणी आवळ्याचा अर्क आणला, कुणी हळदीच्या गोळ्या. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. सगळ्यांत मोठा डबा माझाच, वर ठळक 'अँटीऑक्सिडंट' छापलेला!

डॉक्टरीणबाईंनी तो बाजूला सारला. "सर, पेशींची इजा आवरणारी एन्झाइम्स शरीरातच असतात. पण ती गाठीतही असतात, त्यांच्या जोरावर गाठ शेकातूनही तगू बघते. वरून असले डोस दिले तर गाठीलाच आसरा मिळायचा. शेक संपेपर्यंत हे बंद."

पंचाईत झाली. औषध नाकारावं तर पाहुणा रुसणार, घ्यावं तर गाठ पोसणार... दुसऱ्याच दिवशी झरीहून आत्याची नणंद काढा घेऊन आली. आत्यानं तो पेल्यात ओतून तिच्याचपुढं सरकवला.

"आधी तुमी घ्या, वन्सं. तुमच्या जिवालाबी जपाय पाहिजे की."

वन्संनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड पार वाकडं झालं. "अगं बया, लय कडू हाय!"

"मग मला कशापायी पाजायलाव?"

तेव्हापासून ज्याचं औषध त्यालाच. माझ्या डब्यातल्या गोळ्या मीच गिळल्या, वर "मास्तर, गुण आला का?" हेही ऐकलं. शेवटी तिनं फर्मान काढलं, "दवा नगं, गावातली गंमत आणा." तोंड फोडांनी भरून बोलणं बंद झालं तरी ती ऐकत राहिली. एकही शेक चुकवला नाही. गाठ परत आली नाही.

परवा इथं गंगाखेडातच शेजारच्या सरांना भेटायला गेलो. त्यांच्या जबड्याला शेक चालू आहेत. माझे रिकामे हात बघून वहिनींनी चहाही जरा उशिराच टाकला. मी खुर्ची पुढं ओढली आणि वन्संचं काढा प्यायलेलं तोंड करून दाखवलं. सरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी बोट गोल फिरवून खुणावलं... पुन्हा.