दोनदा सायकल, निकाल वेगळा

"माताजी, ये स्ट्रोक है," डॉक्टर म्हणाले. मेंदूत रक्त जायची वाट गुठळीनं अडली होती. सकाळी पोळ्या लाटताना लाटणं हातातून सुटलं, उजवा पाय बधिर झाला आणि तोंड वाकडं झालं. संजयनं, माझ्या मुलानं, मला तसंच गाडीत घातलं.

बोलणं परत आलं. हात आला. पाय मात्र ओढतच राहिला. घरी, इकडे उत्तरेत संजयच्या मानकनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, जीव नुसता तळमळायचा. उठायचं, खिडकीशी जायचं, परत बसायचं. एकटीनं बाहेर जायचं नाही, असं संजयनं बजावलेलं.

मग फिजिओवाल्या मॅडमनी टेस्ट सांगितली. सबमॅक्सिमल. म्हणजे जागच्या जागी सायकल मारायची, पण जीव जाईस्तोवर नाही. बेतानं दमवून काळीज किती पळतं ते मशीनवर बघायचं. दोन वेगवेगळ्या दिवशी करायची. धडधाकट माणसाचंही रोज सारखं येत नाही, आमच्यासारख्यांचं तर विचारूच नका. मॅडम म्हणाल्या, "दोनों बार एक जैसा आए, तभी अकेले टहलने देंगे."

पहिल्या वेळी छान झालं. मॅडम म्हणाल्या, "वाह अम्मा, आप तो हमें हरा देंगी!"

दुसऱ्या वेळी पाय फिरवले न फिरवले तोच छाती धडधडायला लागली. मॅडमनी लगेच थांबवलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले. "कोई मेल ही नहीं. ऐसे कैसे छोड़ दें?"

बाहेर बाकावर बसवेना. संजय म्हणाला, "बघ आई, म्हणून सांगतो, घरातच बस."

मॅडम मागोमाग आल्या. "अम्मा, आज खाया क्या?"

"कुछ नहीं. संकष्टी है, चाँद देखके खाएँगे."

"और सुबह की गोली?"

"वो खाने के बाद की है ना. खाना नहीं, तो गोली भी नहीं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे अम्मा, वही तो धड़कन काबू में रखती है!"

संजय भडकला. "गणपतीनं सांगितलं होतं का गोळी सोडायला?"

"सोडली कुठे? चंद्र उगवला की घेणारच होते," मी म्हटलं. मॅडमना हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात परत केली. साधा वार, वेळ तीच, आधी पोळी-भाजी, मग गोळी. पहिल्या वेळेसारखंच आलं. डॉक्टर म्हणाले, "अब ठीक है. धीरे-धीरे, घर के पास."

बायांनो, उपास करा, नका करू, पण डॉक्टरला सांगा. गोळीचं स्वतःच्या मनानं ठरवू नका. आणि एक दिवस वाईट गेला म्हणून आपण संपलो असं समजू नका. त्या मॅडमनी विचारलं नसतं, तर मी घरातच राहिले असते. त्यांचं भलं होवो.

परवा कॉलनीच्या फाटकापर्यंत गेले. शेजारच्या मिश्राबाई स्कूटर थांबवून म्हणाल्या, "अरे अम्माजी, अकेले?"

"हाँ, अकेले," मी म्हटलं, आणि चालत राहिले.