विहिरीवरच्या कॅसेटमधलं अर्धंच भाषण

कम्युनिटीतल्या मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी शहापूरहून आलोय, पण किळस अजून जात नाहीये.

कारगिलची लढाई चालू असताना आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया गावच्या विहिरीवर धरणं धरून बसल्या होत्या. पाणी भरू द्या, एवढीच मागणी. माझ्या वडिलांनी ते सगळं टेप केलं. त्यात एका पुढाऱ्याचा आवाज आहे: "मी तुमच्यासाठीच आलोय. पण तिकडं सीमेवर जवान मरतायत आणि तुमी पाण्यासाठी भांडता? देशद्रोही कुठल्या!"

आज त्याचाच सत्कार होता, विहीर खुली करून दिली म्हणून! आयोजकांनी माझ्याकडून त्या कॅसेटची सीडी नेली होती. सभागृहात फक्त बायांच्या घोषणा आणि "मी तुमच्यासाठीच आलोय" एवढंच वाजलं. पुढचं कापलेलं. टाळ्यांचा कडकडाट.

मग धरण्यात सगळ्यांत पुढे बसलेल्या शेवंतामावशीलाही शाल देऊन सत्कार करायला स्टेजवर बोलावलं. तिनं शाल घेतलीच नाही. माईकवर म्हणाली, "विहीर यानं नाय उघडली, आमी उघडली. यानं आमाला देशद्रोही म्हटलेलं."

लगेच माईक बंद. पुढारी हसत बसलेला. एक आयोजक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "जाऊ दे रे, जुनं कशाला उकरायचं?"

मी मावशीला घेऊन बाहेर पडलो. पूर्ण रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, मागेल त्याला ऐकवीन.

टाळ्या वाजवणाऱ्यांतले कितीतरी जण तेव्हा विहिरीवर आमच्या बायांना अडवत होते. ते खरंच विसरले असतील, की सगळं आठवत असूनच टाळ्या वाजवत होते? तुम्हाला काय वाटतं?