दादाचा संशय आणि रिझवानभाईंचे हात

माझा दादा सगळ्यांवर संशय घ्यायचा. दूधवाला, सब्जीवाले भैया, नवं कोरं मशीन, सगळ्यांवर.

काल सकाळी तो गेला.

बाबा रेल्वेत इंजिनियर, म्हणून आम्ही सोलापूरचे लखनौचे झालो. तेलीबागच्या घरात मागच्या खोलीत दादाचा छोटासा स्टुडिओ. आणि रोज अमीनाबादहून येणारे त्याचे जिगरी दोस्त, रिझवानभाई.

रिझवानभाई इलेक्ट्रॉनिक पॅडवर काठ्यांनी ताल धरायचे. पॅड आणि कॉम्प्युटरच्या मध्ये ठोके पोहोचवणारा एक छोटा डबा, इंटरफेस.

एका अल्बमच्या रेकॉर्डिंगला ठोके हलायला लागले. एक वेळेवर, पुढचा उशिरा. परत टेक, परत तेच.

प्रोड्यूसर सगळ्यांसमोर म्हणाला, "उम्र हो गई इनकी. किसी और को बुलाइए."

रिझवानभाईंनी गुपचूप काठ्या पिशवीत घातल्या. दाराशी मला हळूच म्हणाले, "दीदी, अब्बा के हाथ भी ऐसे ही गए थे."



दादा मात्र त्या डब्याकडे टक लावून बसलेला.

"हात असे एका दिवसात जात नाहीत गं. ये डब्बा बदला, तबसे गड़बड़ है."

"अरे, पण नवीन आहे ना तो?"

"म्हणून तर!"

दुसऱ्या दिवशी त्याने प्रोड्यूसर आणि रिझवानभाई, दोघांनाही बोलावलं. रिझवानभाईंना म्हणाला, "यार, तू बस बैठ. हाथ मत लगाना."

मग कॉम्प्युटरलाच एकसारखे, सरळ ठोके त्या डब्यातून ड्रम मशीनला पाठवायला लावले.

खोलीत कुणीच वाजवत नव्हतं.

तरी ठोके लंगडत होते. तस्सेच.

दादा प्रोड्यूसरकडे वळला. "अब बताइए, इसकी उम्र क्या है?"

रिझवानभाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. दादा उठून त्यांच्याजवळ उभा राहिला.

डबा बदलला. अख्खा अल्बम रिझवानभाईंनीच वाजवला.

यंदा दादाचे रिपोर्ट आले. त्याने अर्थातच संशय घेतला. "लॅब बदल."

बदलली.

या वेळी मात्र रिपोर्ट खरा निघाला.

हॉस्पिटलमध्ये रिझवानभाई रोज यायचे. दादाला बोलवेना, तर नुसतेच शेजारी बसायचे. काल पुढून खांदा त्यांनीच दिला. बदलायला कुणी आलं तर मान हलवून नको म्हणाले.

दादा, सुखाने जा.
तुझी छोटी.