कापलेली कड

लंडनमधल्या ईलिंगच्या चर्च हॉलमध्ये दर रविवारी अमेरिकन बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेल्या, शौकीन जमवतात त्या जुन्या कार्डांचा बाजार भरतो. तिथे कोपऱ्यातल्या टेबलाशी एक रिटायर्ड मराठी डॉक्टर भिंग घेऊन बसतात. खोटं कार्ड मोठ्यानं खोटं म्हणतात, म्हणून विक्रेते त्यांच्याकडे फिरकत नाहीत.

मी एक कार्ड नेलं. त्यांनी कडेवरून नख फिरवलं. "अहो, कागद म्हातारा आणि कड तरुण! नवं दिसून भाव यावा म्हणून झिजलेले कोपरे कुणीतरी कापून टाकलेत."

मुलगी साउथहॅम्प्टनला गेल्यापासून माझ्या घरात मराठी बोलायला कुणी नव्हतं. पुढच्या रविवारी मी तेच कार्ड पुन्हा नेलं. त्यांनी तितक्याच निगुतीनं तपासलं आणि तेच सांगितलं.

चौथ्या खेपेला कार्ड परत देताना ते हळूच म्हणाले, "हे टाकू नका हं. पुढच्या रविवारी लागेल."