जाळ्याच्या रंगाचे बारा शर्ट

श्री. दत्ताराम शिरधनकर सरांची नि माझी ओळख पालीच्या एसटीने करून दिली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत कॉलेज सुटल्यावर मी गाडीमागे जिवाच्या आकांताने धावत होते आणि गाडी काही थांबली नाही. आमचे क्रीडाशिक्षक असलेले सर हे सारं शांतपणे पाहत उभे होते. म्हणाले, "गाडी दुसरी येईल गो. पण एवढी धावत्येस, तर उद्यापासून खो-खोला ये."

मी गेले. बाबांना ते मुळीच रुचलं नाही. वर्षभर कुरकुर करून शेवटी त्यांनी एक पांढरा शर्ट शिवून दिला आणि बजावलं, "राजापूरवाल्यांशी खेळ नि थांब. हा शेवटचा सामना. शर्ट जपून वापर, मागून भावाला होईल."

सामन्याच्या सकाळी राजापूरच्या मुली गाडीतून उतरल्या त्या पांढऱ्याशुभ्र. आमचाही गणवेश पांढराच. पंचांनी सांगितलं, संध्याकाळच्या सामन्याआधी यजमानांनी रंग बदलावा, नाहीतर सामना पाहुण्यांना. दुसरा गणवेश ही चैन तेव्हा आम्हाला कुठली? पण हात टेकणं सरांना ठाऊक नाही. आमचे बारा शर्ट गोळा करून ते आम्हाला घेऊन थेट भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. तिथे त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे नाखवा, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात मासेमारीची जाळी रंगवत होते. "एका धुण्यात जाईल," असं आम्हाला ठासून सांगत सरांनी सगळे शर्ट हंड्यात बुडवले.

ती दुपार मला आजही अर्धवट झोपेत दिसते. माडांमध्ये ताणलेल्या दोरीवर तांबूस शर्ट वाऱ्याने फुगले होते. बाह्या हळूहळू हलत होत्या, जणू आमच्याआधी तेच खेळायला निघाले होते. वर ऊन, समोर समुद्र. मग तांडेल म्हणाले, "मास्तर, जाळं फाटतं, पण हा रंग नाय जायचा हां."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी ते पाहिलं, अंगातला पांढरा शर्ट उतरवला, तोही हंड्यात टाकला आणि बनियनवर उभे राहिले.

सामना आम्ही एका गुणाने हरलो. सर त्याच ओलसर शर्टात माझ्याबरोबर एसटीने पालीला आले. पडवीत बसून बाबांना म्हणाले, "शर्टाची चूक माझी, हिला बोलू नका. शेवटच्या डावात हिला कोणी बाद करू शकलं नाही. हिचं खेळणं थांबवू नका."

बाबा कधी माझ्या शर्टाकडे, कधी सरांच्या शर्टाकडे पाहत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्यांनी आत वळून आईला सांगितलं, "मास्तरांना चाय टाक." आणि सरांना विचारलं, "पुढला सामना कधी हाय?"

त्या प्रश्नावर मी पुढे सात वर्षं खेळले आणि आज शाळेत मुलींना खेळवते. सरांच्या विसराळूपणावर, कायम हरवलेल्या शिट्टीवर या गौरव अंकात इतर मंडळी लिहितीलच. मला त्यांच्याविषयी फक्त माया वाटते, ती इथे उघड लिहिते.

सर, पंच्याहत्तरी झाली. गुडघे जपा, शंभरी गाठा. अजून पुष्कळ बापांच्या पडवीत तुम्हाला जाऊन बसायचं आहे.